मास्तरच्या हातचं कडक

बारच्या काउंटरमागे उभ्या राहणाऱ्या माणसाला लोक नावाने हाक मारतात, नाहीतर नुसती चुटकी वाजवतात. याला मात्र सगळे मास्तर म्हणत. कुणी चांगल्या व्हिस्कीत कोला ओतायला सांगितला की ग्लास पुढे सरकवण्याआधी हा त्याची शिकवणीच घ्यायचा. बरं, शिकवणी ऐकून घ्यावी लागे, कारण याच्या हाताला चव होती. त्याच्यावर जळणारेही हे कबूल करत. स्वतः मास्तरला तर ही गोष्ट जरा जास्तच ठाऊक होती.

बार लहानसाच. लांबट खोली, लाकडी काउंटर, समोर उंच स्टुलं आणि मागच्या भिंतीत एक चौकोनी झरोका. झरोक्यापलीकडे स्वयंपाकघर आणि त्यात मावशी. मावशी कुणाचीच मावशी नव्हती, पण तिच्या तळलेल्या बटाट्यांसाठी आणि चीज टोस्टसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाहून माणसं येत, आणि खाताना तिच्याशी नातं लावत.

संध्याकाळी दार उघडलं की पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं असे, ते म्हणजे लिफ्टवाले काका. या गृहस्थाने जन्मभर शहरातल्या उंच इमारतींना लिफ्ट बसवल्या आणि दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर त्याच इमारतींमधल्या खाण्यापिण्याच्या जागा पालथ्या घातल्या. याला ते फेरी म्हणत. "तिथली जिन झकास, पण लिफ्टची वाट लावलीय लेकाच्यांनी," असा त्यांचा निवाडा असे. बायको गेली तेव्हा फेरी वाढली. मग एकदा छातीत दुखलं, डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं की आता दारूचं नाव काढायचं नाही. कुठे पडलात, डोक्याला मार लागला, तर आतलं रक्त थांबायचं नाही. काकांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली आणि फेरी एकाच जागेवर आणली. मास्तरचा बार तेवढा सोडणार नाही म्हणाले.

मग एका दुपारी काकांची मुलगी आली. बार उघडायचा होता, स्टुलं अजून काउंटरवर उलटी टाकलेली होती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुकानातला निळा कोट अंगावर तसाच ठेवून आली होती.

"मास्तर, बाबा इथे यायचे थांबणार नाहीत," ती म्हणाली. "घरी बसवलं तर भिंतीकडे तोंड करून बसतात. जेवत नाहीत. तुम्ही त्यांना असं काही देऊ शकाल का, जे दारू नसेल, पण त्यांना कळणार नाही?"

दुसऱ्या कुणी हात जोडले असते. म्हणाला असता, ताई, हा तुमच्या घरातला मामला, मला मध्ये ओढू नका. मास्तरचे डोळे चमकले. एवढ्या वर्षांत त्याला असं कोडं कुणी घातलं नव्हतं.

"मी त्यांना कळू दिलं तर मिशा उतरवीन," तो म्हणाला.

"त्यांना कधीच सांगू नका. फार मानी आहेत."

आठवडाभर तो त्याच्याच मागे होता. काळा चहा आटवून आटवून कडू केला, त्यात आटवलेला सफरचंदाचा रस घातला. घशात जाळ व्हावा म्हणून सुकी मिरची भिजवून तिचं पाणी घेतलं. स्ट्रॉचं टोक बुडवून, वरचं तोंड बोटाने दाबून, तो एकेक थेंब जिभेवर सोडून बघायचा आणि तोंड वाकडं करायचा. जीभ फसायची, नाक फसेना. शेवटी त्याला ते सुचलं. ग्लासच्या बाहेरच्या कडेवरून व्हिस्कीत भिजवलेलं फडकं फिरवायचं आणि वर संत्र्याची साल पिळायची. ओठ टेकण्याआधी नाकाची खात्री पटली पाहिजे. पोटात मात्र काही जाणार नाही.

पहिल्या दिवशी काकांनी घोट घेतला आणि डोळे मिटले.

"आज काय घातलंस रे?"

"का काका?"

"कडक आहे," काका डोळे उघडून म्हणाले. "असंच देत जा."

त्या संध्याकाळी मास्तर झरोक्यात तोंड घालून मावशीजवळ पोरासारखा हसला. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

पुढे काय झालं, तर काका खुलले. पूर्वी दोन ग्लासांत जड होणारे काका आता चार रिचवून ताठ उठायचे. चारच घ्यायचे, शिस्तीचा माणूस. चौथा संपला की उजवा हात काउंटरवर आडवा धरायचे, पंजा पसरून. "बघ रे मास्तर, थरथरतो का?" हात खांबासारखा स्थिर असायचा. शेजारच्या स्टुलावरच्या तरण्याताठ्या माणसालाही सोडायचे नाहीत. "तुझा धर बघू इथे," म्हणायचे. त्याचा हलला की काकांना आकाश ठेंगणं व्हायचं. "या वयात हे मास्तरच्या हातचं कडक चार चार पचवतो, आणि घरी जाऊन शब्दकोडं सोडवतो!" सगळे हसायचे. मास्तर सगळ्यांत मोठ्याने हसायचा, कारण खरा विनोद त्याला एकट्याला कळत होता.

मावशीलाही कळत होता. तिला हसू येत नव्हतं.

"मास्तर, तू त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवतोयस," ती एकदा बटाटे निथळताना म्हणाली. "त्यांना वाटायला लागलंय की आपल्याला काही होत नाही."

"होत नाहीच की."

"इथे होत नाही."

"आणि दुसरीकडे जातात कुठे ते? तू तुझी कढई सांभाळ, मावशी."

तिने टोस्टची थाळी झरोक्यात आपटली.

एका संध्याकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. उद्या जुनी मंडळी जमणार होती, लिफ्टच्या कामावरची. दुपारपासून फेरी. आधी नदीकाठची एक जागा, मग बाजारातली, आणि शेवटी टॉवरच्या माथ्यावरचं रेस्टॉरंट. तिथली लिफ्ट काकांनीच बसवलेली.

"सगळे म्हणतायत, तुला आता झेपायचं नाही," काका म्हणाले. "उद्या दाखवतोच त्यांना. माझं माप चार म्हणजे चार."

मास्तर लिंबू चिरत होता. सुरी थांबली. आता सांगायला हवं, हे त्याला लख्ख कळलं. काका, तुम्ही इतके दिवस चहा पिताय, एवढं एक वाक्य. पण समोर काकांचा चेहरा इतका फुललेला होता, आणि शेजारी दोन गिऱ्हाइकं कान देऊन बसलेली. त्यात मुलीला दिलेला शब्द. मास्तरने धीर गोळा केला आणि अर्धंच बोलला.

"काका, उद्या जरा जपून हं. बाहेरचं कडक असतं."

"तुझ्यापेक्षा?" काकांनी भुवया उंचावल्या.

शेजारची दोन्ही गिऱ्हाइकं मास्तरकडे बघायला लागली. एवढंच झालं. त्यांच्या देखत कुणीतरी त्याच्या हाताला आव्हान दिलं होतं, आणि त्याची जीभ त्याच्या आधी धावली.

"छे! माझ्यापेक्षा कडक या शहरात कोणी बनवत नाही."

"मग झालं तर," काका म्हणाले, आणि त्यांनी हात आडवा धरला.

रात्री मुलीला फोन करू, असं मास्तरने मनाशी ठरवलं. मग गर्दी वाढली, एक मोठी टोळी आली, बर्फ संपला. सकाळी करू म्हणाला. सकाळी उठला तर वाटलं, आपण उगाच बाऊ करतोय, म्हातारा काही कुक्कुलं बाळ नाही. माणूस स्वतःला किती गोड समजावू शकतो, याचा हिशेब कुणी ठेवत नाही म्हणून बरं.

बातमी दोन दिवसांनी आली. काका टॉवरच्या जिन्यावर पडले. डोक्याला लागलं, वरून फार दिसत नव्हतं. इस्पितळात नेईपर्यंत बोलत होते, मग बोलायचे थांबले. मास्तरने ऐकलं आणि हातातला ग्लास पुसत राहिला. कोरडा झालेला ग्लास तो पुसतच होता, शेवटी मावशीने बाहेर येऊन तो त्याच्या हातातून काढून घेतला. ती बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

मुलगी आली ती पुन्हा दुपारीच. तोच निळा कोट. मास्तरने घाईघाईने एक स्टूल खाली उतरवलं.

"तुमचे आभार मानायला आले," ती म्हणाली.

मास्तरचा हात स्टुलावरच राहिला. "ताई, माझे कसले..."

"नाही, मानायलाच हवेत. तुम्ही त्यांना एक थेंब दिला नाहीत. बाकीच्यांनी मात्र..." तिने नाक पुसलं. "आणि ते मित्र रडत रडत मला सांगतायत, तुझे वडील शिस्तीचे, चारच्या वर एक घोट घेतला नाही. चार झाल्यावर सगळ्यांपुढे हात धरून दाखवला म्हणे. हलत होता, पण यांनी कबूल केलं नाही. म्हणाले, मी लिफ्टने उतरणार नाही, जिन्याने उतरतो, बघा पाय अडखळतो का." तिने मान हलवली. "स्वतः बसवलेली लिफ्ट सोडून. त्यांना कुणी सांगितलं होतं चार घ्यायला? आधी तर दोनसुद्धा जड जायचे."

मास्तरने उगाच आणखी एक स्टूल उतरवलं.

"मला ते द्याल का?" तिने विचारलं. "बाबांचं ते. मी कधी चाखलंच नाही."

त्याला नाही म्हणता आलं नाही. त्या आटवलेल्या चहाच्या बाटलीत शेवटचं थोडं उरलं होतं. त्याने ग्लास घेतला, फडकं भिजवलं, कडेवरून फिरवलं, साल पिळली. हात सवयीने चालले, एक गोष्ट चुकली नाही. वाईट करून द्यावं असं एक क्षण त्याच्या मनात आलं होतं. तेवढंही त्याला जमलं नाही.

तिने घोट घेतला आणि ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. तिने ग्लास उजेडाकडे धरला, वास घेतला, पुन्हा घोट घेतला.

"अगदी खरं लागतं हो," ती म्हणाली. "जळतं पण. मला माहीत नसतं तर मी..."

ती थांबली. मास्तर तिच्याकडे बघत होता, कारण दुसरीकडे बघण्याचा त्याला हक्क नव्हता. तिच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरत गेलं. ग्लास तिने फार सांभाळून खाली ठेवला.

"इथे किती घ्यायचे ते?"

"चार."

"आणि मग हात धरायचे."

"हो."

"घरी येऊनही धरायचे. मला दाखवायचे. मी टाळ्या वाजवायचे, मास्तर." तिचा आवाज फाटला. "तुम्हाला माहीत होतं, ते त्या फेरीला जाणार होते?"

झरोक्यात मावशी उभी होती. ती ऐकत होती. मास्तरला वाटलं असतं तर तो म्हणू शकला असता की मी त्यांना जपून राहायला सांगितलं होतं. ते खोटंही नव्हतं.

"माहीत होतं," तो म्हणाला. "आदल्या संध्याकाळी त्यांनी सांगितलं. बाहेरचं तुझ्यापेक्षा कडक असतं का, म्हणून विचारलं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, माझ्यापेक्षा कडक या शहरात कोणी बनवत नाही."

उरलेला ग्लास तिने उचलला आणि एका दमात संपवला. मग उजवा हात काउंटरवर आडवा धरला, पंजा पसरून, अगदी वडिलांसारखा.

दोघंही त्या हाताकडे बघत राहिले. तो थरथरत होता.