बंडू रडत का नाही?

मेहरूणच्या त्या गल्लीत संध्याकाळ झाली की दोनच आवाज: कुकरच्या शिट्ट्या आणि मोनालीच्या घरचा अभ्यास. अभ्यास लेकीचा, आवाज मोनालीचा! पहिलीतल्या मयुरीनं शुद्ध मराठीच बोलावं म्हणून तिनं घरात अहिराणी बंद केली होती. पण बेरीज चुकली की अमळनेरच्या माहेरची तीच बोली तिच्या तोंडी धावून यायची आणि पाठोपाठ चापट. "वळण नको का लागायला?" असं ती शेजारणींना ठणकावून सांगायची.

मयुरीच्या शाळेत बंडू नावाचा यंत्रमानव आला. गुडघ्याएवढा, गोल डोळ्यांचा. पालकांना बघायला बोलावलं, तेव्हा मोनाली आपल्या आईला, बेबाबाईंना घेऊन मिरवत गेली. सारिका टीचर म्हणाल्या, "बंडू मुद्दाम चुकतो. मुलांनी त्याला शिकवायचं, म्हणजे तीही शिकतात."

मयुरीचा नंबर आला.

"बंडू, आठ आणि पाच किती?" काय ती शुद्ध वाणी! मोनालीची मान ताठ झाली.

"बारा," बंडू म्हणाला.

"डोकामा भुसा भरेल शे का? कितलांदाव सांगू तुले?" मयुरी कडाडली आणि फाडकन त्याच्या तोंडात दिली!

पालक खो खो हसले. बंडू शांतपणे म्हणाला, "चुकलो. पुन्हा शिकव ना." मयुरीनं आणखी जोरात मारलं. मग गोंधळून विचारलं, "टीचर, हा रडत का नाही? रडल्याशिवाय याला येईल कसं?"

आता कुणी हसलं नाही. मोनालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना रिक्षात बेबाबाई एवढंच बोलल्या, "ह्याच बोलीमा गाना म्हनीसन मी तुले निजाडं. तू पोरले त्या बोलीमा काय दिन्हं?"

मोनालीच्या लेकीला आजीची भाषा येत होती ती एवढीच, बोलणी खाण्यापुरती.

संध्याकाळी बेरीज पुन्हा चुकली. मोनालीनं हात आवरला, आवाज मऊ केला आणि अगदी मनापासून म्हणाली, "ऱ्हाऊ दे माय, परत करूत."

अहिराणी कानावर पडताच मयुरीनं डोळे घट्ट मिटले आणि गाल पुढे केला.

मोनाली ढसाढसा रडली.

पालकहो, मारानं मुलांना बेरीज येते की नाही, देव जाणे. मारणं मात्र नक्की येतं. बंडूची चूक तर मुद्दाम केलेली होती, ती क्षणात दुरुस्त होईल. आपली होईल का? पुढे आलेला तो गाल मागे जायला किती काळ लागेल, हे मोनालीला कुणीच सांगू शकत नाही. तुमच्या घरी अजून वेळ आहे. हात आजच आवरा.