शंभरात एकशे अठरा

“बांबो, शंभरातल्या एकशे अठरा मुली शाळा पुरी करणार? कशा काय?”

राजधानीतल्या शिक्षण खात्याकडून आलेल्या तमंदानीबाईंनी संगणक डोनेक्स कचालेकडे वळवला. या म्हाताऱ्या कारकुनाला सगळे बांबो, म्हणजे बाबा, म्हणत. पडद्यावर एक निळी रेघ होती. डाव्या कोपऱ्यातून निघून ती शंभराची मर्यादा ओलांडून गेली होती आणि चौकटीच्या कडेला थांबली होती. खाली साल होतं दोन हजार पन्नास.

डोनेक्सने चष्मा कपाळावर सरकवून रेघ पाहिली.

“चढतेय चांगली,” तो म्हणाला.

“चांगली? आमचे साहेब विचारतात, हा जिल्हा पोरी शिकवतोय की मक्यासारख्या पिकवतोय?”

दारात चहाची किटली घेऊन मायी नासिबेको उभी होती. कचेरीची झाडलोट ती करायची आणि कचेरीतल्यांची खरडपट्टीही तीच काढायची. “वरच्या अठरा शेजारच्या जिल्ह्याला देऊन टाका ना,” ती म्हणाली. “तिकडे कमीच पडतात म्हणे.”

तमंदानीबाई हसल्या. डोनेक्स हसला नाही. पूर्वीचा डोनेक्स असता तर त्याने यावर आणखी दोन मजले चढवले असते.

एकतीस वर्षं त्याने तळ्याकाठच्या या जिल्ह्यातल्या मुली मोजल्या. बाकीचे कारकून हेडमास्तरांकडून नुसता आकडा घेत. हा सायकलवरून शाळेशाळेत जाऊन मुलींची नावं उतरवून आणायचा. एकदा वाटेत पाणघोडा आडवा झाला. गडी आंब्याच्या झाडावर चढला, तिथूनच पलीकडच्या हेडमास्तरांना ओरडून नावं विचारली आणि वही पुरी केली. एकशे बारा नावं झाल्यावर, आपलं नाव काही येत नाही असं पाहून पाणघोडाच म्हणे कंटाळून पाण्यात गेला. ही गोष्ट सांगताना डोनेक्स दरवेळी दहा नावं वाढवायचा. वहीत मात्र त्याने एकही नाव वाढवलं नाही.

मग या एकशे अठरा आल्या कुठून?

तमंदानीबाई वहीची पानं उलटत होत्या. “ही झियोने चिसाले. इथे आहे, इथे आहे आणि इथे खालीही आहे. तिघी एका नावाच्या?”

“एकच. लग्न झालं म्हणून गेली, परत आली. पोटुशी राहिली म्हणून गेली, परत आली.”

“दरवेळी नवीन नाव लिहिलंत?”

“नव्याने आली की खाली लिहायचं.”

“आणि जुन्या नावापुढे हा ठिपका?”

“गेली असा.”

“मग खोडली का नाही, बांबो? एकच पोर तीनदा मोजली गेली.”

किटली टेबलावर आदळली. “अगं पोरी!” मायी नासिबेको म्हणाली. “जित्या माणसाच्या नावावर काट मारतात होय कुठे? तुझी आई तळ्याकाठची ना? काही शिकवलं नाही का तिने? काट मेलेल्याची. आमच्या मंडळातल्या बायांनी झियोनेला सासरच्या चुलीपुढून उठवून आणलं, गाणी म्हणत. सासू उलथनं घेऊन मागे लागली तर तिलाच शाळेच्या आवारापर्यंत नाचत आणली. आणि तू म्हणतेस काट मारा?”

“माझी आजीही असंच म्हणायची,” तमंदानीबाई हळूच म्हणाल्या. “पण मायी, संगणकाला आजी नसते ना. जी शाळेत नाही ती पोर रेघेत नको. आज दुपारपर्यंत मला खरा आकडा पाठवायचाय.”

डोनेक्स वहीकडे बघत होता. सत्तेचाळिसावं पान अजून लांब होतं.

त्या पानावर मधोमध फालेसी कचाले होती. त्याची नात. आईबाप खाणीवर कामाला दक्षिणेत गेले तेव्हा चार वर्षांची होती, तेव्हापासून त्याच्याच घरी. माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षात असताना तिला दिवस राहिले आणि ती मासेमारांच्या वाडीत बाळाच्या बापाच्या घरी गेली. जाताना वह्या घेऊन गेली होती. बाळ झालं की परत येणार होती. बायांचं मंडळ तिला आणायची तारीखही ठरवून बसलं होतं. गुड फ्रायडेला ती बाळंतपणात गेली. बाळही गेलं.

हेडमास्तर तिच्या नावाचं काय करायचं ते विचारायला आले होते. डोनेक्स म्हणाला, “राहू द्या.” ठिपकासुद्धा दिला नाही.

तेव्हापासून आठ महिने तो चहा दिला की प्यायचा, ताट वाढलं की जेवायचा. ताटातला मक्याच्या पिठाचा न्सिमा गार झाला तरी त्याला कळत नसे. वर्षाअखेर त्याने नावं मोजली, संख्या राजधानीला पाठवली. फालेसी त्या संख्येत होती. यंदा तिसऱ्या वर्षात, पुढच्या साली चौथ्या, मग पास. रेघ चौकटीच्या कडेला पोचायची तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची व्हायची. हा हिशेब त्याने मुद्दाम केला नव्हता. तो आपोआप झाला होता.

“असं करूया,” तमंदानीबाई म्हणाल्या. “खोडायचं नाही. शिसपेनने नावाभोवती गोल काढू. गोलातली मुलगी मोजायची नाही. परत आली की गोल पुसायचा आणि तेच नाव चालवायचं. चालेल, मायी?”

“गोल चालेल,” मायी नासिबेको म्हणाली. “गोलातून माणूस बाहेर येऊ शकतं.”

डोनेक्सने शिसपेनला टोक केलं. बाई नाव वाचत, तो गोल काढी. पान उलटे. एका गोलावेळीही त्याचा हात थांबला नाही. कोण कुठे आहे हे तो न विचारताच सांगत होता. “ही बाजारात टोमॅटो विकते. ही दोन पोरांची आई. ही तळ्यापलीकडे.” आवाज सगळ्यांना सारखाच.

शेवटचं, सत्तेचाळिसावं पान आलं.

मायी नासिबेकोने ते ओळखलं. ती कप उचलायचं सोडून उभी राहिली. डोनेक्सने त्या पानावर चार गोल काढले. बाई पान उलटायला लागल्या. फालेसीच्या नावापुढे काहीच खूण नव्हती. पान उलटलं असतं तर ती रेघेत राहिली असती.

“थांबा,” डोनेक्स म्हणाला. “एक राहिलंय.”

“कोण? इथे तर ठिपका नाही.”

त्याने शिसपेन खाली ठेवलं. खणातून पट्टी काढली, शाईचं पेन काढलं. पट्टी नावाखाली धरली, मग थोडी वर सरकवली.

“बांबो, शाईने नको. गोल पुरे,” बाई म्हणाल्या. “मायीच म्हणाल्या ना, काट फक्त…”

मग त्यांनी आडनाव वाचलं.

त्याने डावीकडून उजवीकडे रेघ ओढली. सावकाश, नावाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. पट्टी उचलली. बाहेर कोणीतरी सुक्या माशांचं पोतं ओढत नेत होतं.

तमंदानीबाईंनी नवा आकडा भरला. पडद्यावरची रेघ खाली आली आणि एकतिसावर आडवी झाली. “शंभरात एकतीस,” त्या म्हणाल्या.

“सरळ आलीय का बघा,” डोनेक्स म्हणाला.

“रेघ? हो, आता बरोबर…”

“ती नाही. ही.”

बाईंनी वहीकडे पाहिलं. “सरळ आहे, बांबो.”

मायी नासिबेकोने वही मिटायला हात पुढे केला. त्याने तो अडवला.

“ओली आहे अजून,” तो म्हणाला, आणि शाई वाळेपर्यंत पानावर तळहात आडवा धरून बसला, न टेकवता.