पितरांच्या पाठीमागची खिडकी

आमच्या घरचे पितर तांदळाच्या दाण्यांनी उत्तर देतात. चिमूटभर दाणे ताटलीत सोडायचे आणि जोडीजोडीनं मोजायचे. सगळ्यांना जोडीदार मिळाला तर 'हो', एकटा उरला तर 'नाही'. मोजायचं काम आईचं. आजवर पितरांनी आईच्या मनाविरुद्ध उत्तर दिल्याचं मला आठवत नाही.

यंदा उत्तर थायलंडात, आमच्या च्यांगमायच्या डोंगरांवर वणवा लागला तो विझेचना. माझ्या मुलीचं लाडाचं नाव खाओफोत, म्हणजे मका. ठेवलं तेव्हा गोड वाटलं होतं. आता वर मक्याची ताटं पेटवतात, त्यातून जंगल पेटतं, आणि मक्यामुळे माझा मका खोकतो. डॉक्टर म्हणाल्या, एक खोली तरी स्वच्छ हवेची ठेवा, नाहीतर पोरीला इथून हलवा. मी ठरवलं, रविवारपर्यंत खोलीतलं हवेतला धूर मोजायचं यंत्र हिरवं राहिलं नाही तर सरळ दक्षिणेला, समुद्राकाठी सासूबाईंकडे. हे कळल्यापासून आईला अन्न गोड लागेना. म्हणजे तसं तिनं शेजारी सांगितलं.

आमच्याकडे लग्न झालं की पुरुष बायकोच्या घरी येतो, त्यामुळे 'घरजावई' ही शिवी होत नाही. आई माझ्या नवऱ्यासाठी, थाविनसाठी, दुसऱ्या शोधते. थाविन हॉटेलांतल्या एसीचं वायरिंग करतो. त्यानं आमच्या खोलीच्या खिडकीत लाकडी पेटी बसवली. बाहेरच्या बाजूला बारीक लोखंडी जाळी, उडती ठिणगी आत येऊ नये म्हणून. तिच्यामागे जाड गाळणी आणि मग हवा आत ढकलणारा पंखा. खोली गाल फुगवून बसल्यासारखी होते आणि धुराला फटीतून शिरायला जागाच मिळत नाही. खात्री करायला मी लाकडी भिंतींच्या फटींवर टिश्यूच्या पट्ट्या चिकटवल्या. त्या सगळ्या बाहेरच्या बाजूला उडत होत्या. यंत्र हिरवं झालं. खाओफोत झोपली. मी तिचा श्वास ऐकत बसले, कारण शांत झोपलेलं मूल मला खोकणाऱ्यापेक्षा जास्त घाबरवतं.

तेवढ्यात पट्ट्या लोंबल्या. मग आत वळल्या. यंत्र तांबडं.

मी तशीच स्वयंपाकघरात गेले. आई निखाऱ्यावर हिरव्या मिरच्या भाजत होती. बाजारात तिचा ठेचा नावाजलेला आहे. डोक्यावर तिचा जुना पंखा घरघरत हवा बाहेर फेकत होता.

"आई, पंखा बंद कर. धूर आत येतोय."

"अगं फोंग, कॉलेजात काय शिकलीस? हा धूर बाहेर टाकतो."

"टाकतो तेवढी हवा कुठून तरी आत येतेच ना. ती आमच्या फटींतून येते, वणवा सोबत घेऊन."

आईनं मिरच्या उलटल्या. "म्हणजे एकीकडून काढावं तर दुसरीकडून शिरतं. जावयासारखंच."

थाविन माझ्यामागोमाग आला होता. "आई, तुम्ही मला कधी बाहेर काढलंत?"

"प्रयत्न चालू आहेत."

मी म्हटलं, मिरच्या अंगणात भाज. तर म्हणे आभाळातून राख पडतेय, ती ठेच्यात घालून विकू? आणि पंखा बंद केला तर मिरचीचा ठसका पोरीला लागणार. "तिला कशानं खोकवायचं ते तूच ठरव," असं म्हणून तिनं पुढचा वाटा निखाऱ्यावर टाकला.

थाविननं भिंती ठोकून पाहिल्या. त्याचं म्हणणं, स्वयंपाकघराच्या पंख्याला त्याची स्वतःची हवा द्यायची. मधल्या खोलीत दुसरी मोठी पेटी बसवायची, म्हणजे तो पंखा आमच्या खोलीतून ओढणारच नाही. मधल्या खोलीला खिडकी एकच. तिच्यासमोर पितरांची फळी. आईच्या आईच्या आईपासून ती खिडकी बंद आहे.

"पाठीमागून वारा?" आई म्हणाली. "म्हाताऱ्या माणसांना? विचारावं लागेल."

तिनं दारूचा पेला ठेवला, दाणे सोडले, मोजले. एकटा उरला.

"नाही म्हणतात," आई म्हणाली. ती फारशी दुःखी दिसली नाही.

थाविन गुडघ्यांवर बसला. "मग हेही विचारा आई, आम्ही समुद्राकाठी जावं का?"

"ते कशाला विचारायचं? ते नाहीच म्हणणार."

"मग विचारायला काय हरकत आहे?"

आईनं दाणे सोडले. मोजले. पुन्हा मोजले. बोटानं ताटलीचा काठ चाचपला, एखादा सांडला असेल म्हणून. सगळ्या जोड्या लागल्या होत्या.

खोलीत खाओफोत खोकली. कोरडा, बारीक खोकला, मोठ्या माणसासारखा. आई दाराकडे बघत राहिली. मग फळीकडे वळली.

"नात चालली, आणि तुम्ही हो म्हणता? दारू कुणाची प्यायलात? थंडीत पांघरूण कोण घालतं तुम्हाला? मेल्यावर तरी अक्कल येईल वाटलं होतं." तिनं दाणे गोळा करून पुन्हा सोडले. "नीट ऐका. खिडकी उघडायची आहे. हो की नाही?" चार-पाच जोड्या भराभर सरकवल्या आणि हात झटकले. "हो म्हणतात. थाविन, बसलास काय? शिडी आण."

पहिल्यांदाच तिनं त्याला नावानं हाक मारली. शिडी आणताना तो दोनदा धडपडला.

संध्याकाळपर्यंत पेटी बसली. थाविननं दोन्ही पंख्यांच्या तारा एकाच बटणावर आणल्या. आईनं स्वयंपाकघरातला पंखा लावला की मधल्या खोलीतला आपोआप सुरू. बाहेर जाते त्याहून जास्त हवा आत, तीही गाळलेली.

"म्हणजे मी विसरेन असं वाटतं तुला?"

"नाही आई, तुम्ही मुद्दाम कराल असं वाटतं."

आईला हे उत्तर आवडलं. तिनं मिरच्यांचा मोठा ढीग निखाऱ्यावर टाकला आणि बटण दाबलं. मी पट्ट्यांपाशी उभी राहिले. फळीवरचा फुलांचा हार हलला आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं झुलू लागला. पट्ट्या मात्र बाहेरच उडत राहिल्या. मिरच्या काळ्या पडल्या, साली सुटल्या, तरी यंत्र हिरवंच.

"सगळ्यात आधी चांगली हवा यांनाच," आई फळीकडे हनुवटी उडवत म्हणाली. "जिवंतपणीही असेच होते."

मी बॅगेतले खाओफोतचे कपडे परत कपाटात लावले. दोन झबली आणि औषध बॅगेतच ठेवलं, डोंगर अजून विझलेला नव्हता.

आई ठेचा कुटायला बसल्यावर मी फळीपाशी गेले. ताटली तशीच होती. जोड्यांच्या पलीकडे न मोजलेले दाणे पसरले होते. ते मी मोजले. मग पुन्हा मोजले.

एक एकटा उरत होता.

आतून उखळाचा आवाज येत होता. मी तो दाणा उचलला, तोंडात टाकला आणि पितरांच्या देखत चावून गिळला.