पैलवानाचा जुना व्रण

घरसामान हलवणाऱ्या त्या कंपनीत त्याला सगळे पैलवान म्हणत. कुस्ती तो जन्मात खेळला नव्हता, पण पाठीला पट्टा लावून भरलेलं कपाट असं उचलायचा, की घरमालकिणीचा श्वास अडकायचा आणि कपाटातल्या कपबश्या मात्र वाजायच्याही नाहीत. त्याचा जोडीदार बुटक्या खालच्या पायरीवरून ओरडायचा, "बाजूला व्हा, बाजूला व्हा, डोंगर चाललाय!"

या डोंगराला वावडं होतं ते फक्त भाजीचं. फळांशीही त्याचं फारसं सख्य नव्हतं. लहानपणी आईनं भरवलेला भोपळ्याचा घास त्यानं गिळला नाही की थुंकला नाही, संध्याकाळपर्यंत गालात धरून ठेवला होता म्हणे. "पाला गुरांनी खावा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. लग्न झाल्यावर बायकोनं सुरुवातीला आदळआपट केली, रुसून पाहिलं, मग एकदम गप्प झाली. आपण जिंकलो, असं तो धरून चालला. ताटात मांसाचा रस्सा, मासे, अंडी, भात. संसार सुखात चालला होता.

मग लेकीचं बाळंतपण आलं. लेक दूरच्या शहरात, घरात दुसरं मोठं माणूस नाही, म्हणून बायको तिकडे गेली. निघताना दारात जरा घुटमळली.

"अहो, खाण्याची आबाळ करू नका. भाताबरोबर लिंबाची फोड तरी घेत जा."

"जा गं तू. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलं, अगदी नाजूक होतं. बायकोचा मुक्काम लांबत गेला. इकडे पैलवानाला रान मोकळं मिळालं. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी पाव आणि उकडलेली अंडी, संध्याकाळी भात आणि पुन्हा अंडीच, फक्त तळलेली. भांडी कमी, कटकट नाही. बायकोचा फोन आला की तो सांगायचा, "झकास चाललंय. पोट भरून जेवतो."

त्यात खोटं काहीच नव्हतं. पोट रोज भरत होतं.

हळूहळू त्याला जिने जड वाटायला लागले. आधी वाटलं, वय झालं. मग पायांवर निळे-जांभळे डाग उमटले, कुठे आपटल्याचं तर आठवेना. दात घासताना रक्त यायला लागलं तेव्हा त्यानं ब्रश बदलला. हिरड्या सुजल्या तेव्हा पाव चहात बुडवून खायला लागला. स्वभावही बदलला. जो माणूस कपाट उचलताना शीळ घालायचा, तो आता उशी उचलतानाही खेकसायचा.

"तू डॉक्टरकडे जा," बुटक्या म्हणाला.

"तू तुझं टोक सांभाळ," पैलवान म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात एका जुन्या इमारतीच्या जिन्यावर ते दोघं कपड्यांचं कपाट चढवत होते. वळणावर पैलवानाचे गुडघे लटपटले. कपाट कठड्याला टेकलं म्हणून बरं, नाहीतर बुटक्याची चटणी झाली असती. पैलवान पायरीवर मटकन बसला. त्याच्या शर्टाची बाही ओली झाली होती. वर सारून पाहतो तर दंडापासून मनगटाकडे जाणारा जुना व्रण उघडला होता.

हा व्रण तरुणपणीचा. तेव्हा आरशाचं कपाट उतरवताना काच फुटून हात फाडून गेली होती. टाके पडले, जखम भरली, पांढरी रेघ उरली. लेक तिच्या लहानपणी त्या रेघेवरून बोट फिरवत "हा बाबांचा रस्ता" म्हणायची. आणि आता तीच जखम, कुणी हातही लावला नसताना, टाक्यांच्या जागा धरून उसवत होती.

बुटक्याच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे, ही तर तुझ्या लग्नाच्या वर्षीची!"

सरकारी रुग्णालयात पहिल्या तरुण डॉक्टरानं रक्त तपासायला पाठवलं, साखर पाहिली, आणि कोड्यात पडून आपल्या वरिष्ठ बाईंना बोलावून आणलं. त्या पिकल्या केसांच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवणाऱ्या. त्यांनी हिरड्या पाहिल्या. मग भिंग काढून त्याच्या नडगीवरचे केस न्याहाळले. केस स्प्रिंगसारखे वळले होते आणि प्रत्येकाच्या मुळाशी लाल ठिपका होता. बाईंनी खुर्ची ओढली.

"काल काय जेवलात?"

"भात. अंडी."

"परवा?"

"अंडी. भात."

"बाई, याच्या पोटातून आता पिल्लं बाहेर पडतील," बुटक्या मागून म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. "फळ शेवटचं कधी खाल्लंत? हिरवी भाजी?"

पैलवानानं थोडी छाती काढायचा प्रयत्न केला. "पाला गुरांनी खावा, डॉक्टर. मला नाही चालत."

"गंमत माहीत आहे का तुम्हाला?" बाई म्हणाल्या. "तुमच्या शरीरात जे संपलंय ना, ते क जीवनसत्त्व गाय स्वतःच्या शरीरात बनवते. शेळी बनवते. गल्लीतलं कुत्रंसुद्धा बनवतं. आपल्याला ते जमत नाही. आपल्याला ते झाडाकडून मागूनच घ्यावं लागतं. त्यामुळे पाल्याची गरज गुरांपेक्षा तुम्हालाच जास्त आहे."

पैलवानानं बाही वर सारली. मग त्यानं हात पुढे केला. "पण ही जखम तर कधीच भरली होती."

"सगळ्यांना तसंच वाटतं." बाईंनी अलगद त्याचा हात उजेडात धरला. "जखम एकदा भरली की काम संपलं, असं नसतं. आतले धागे रोज झिजतात आणि शरीर रोज नवे विणतं. तुम्ही झोपलेले असता, जेवत असता, कपाटं उचलत असता, तेव्हाही हे विणकाम चालूच असतं. त्याला लागणारी वस्तू मिळेनाशी झाली, की जुने धागे जातात आणि नवे येत नाहीत. या दुखण्याला स्कर्व्ही म्हणतात. पूर्वी महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना व्हायचं. त्यांचेही जुने घाव असेच उघडायचे."

पैलवान आपल्या हाताकडे बघत राहिला. हा हात त्याचा होता, त्यानं तो आयुष्यभर वापरला होता, आणि आत काय चाललंय याचा त्याला पत्ताच नव्हता. एवढी वर्षं कुणीतरी आत बसून, न थकता, न बोलता ती एक जखम रोज नव्यानं शिवत होतं. नुसती तीच नाही. दात हिरडीत धरून ठेवत होतं, रक्त नसांत राखत होतं.

मग एक शंका डोक्यात आली. "पण डॉक्टर, मी तर लग्नाआधीपासून भाजी खात नाही. मग इतकी वर्षं काही झालं कसं नाही?"

"ते मला काय माहीत? घरी विचारा."

त्यानं वॉर्डातूनच फोन लावला. सगळं ऐकून पलीकडे बायको रडायलाच लागली.

"अगं, बोल ना काहीतरी."

"काय बोलू? तुमच्या रश्श्यात टोमॅटो आणि पालक असायचा, वाटून. मांसाच्या वड्यांत अर्धा कोबी. भांडं चुलीवरून उतरवलं की वरून लिंबू पिळायचे, चटणीत कच्ची ढोबळी मिरची घालायचे. तुम्ही बोटं चाटत खायचात."

"इतकी वर्षं?"

"भांडून तुम्ही ऐकलं असतंत का?"

इतर वेळी त्याच्या अंगाचा तिळपापड झाला असता. आज राग आलाच नाही. त्याच्या घरात, त्याच्या नाकासमोर, रोज दोन वेळा हे घडत होतं आणि त्याला ताकास तूर लागू दिली नव्हती. त्यानं फोन कानाशी घट्ट धरला. "तू मला जिवंत ठेवलंस गं," एवढंच म्हणाला.

बाईंनी गोळ्या दिल्या आणि बुटक्याला फळं आणायला पिटाळलं. त्यानं संत्री आणली, पेरू आणले आणि वर एक भोपळाही आणला, केवळ खोडी काढायला. पैलवानानं संत्रं सोललं. सालीचा बारीक फवारा उडाला आणि औषधांच्या वासानं कोंदलेली खोली एकदम जागी झाली. फोड उजेडात धरली तर पातळ पडद्याआड रसाच्या शेकडो पिशव्या दाटीवाटीनं बसलेल्या. त्यानं आयुष्यात संत्र्याकडे कधी असं पाहिलंच नव्हतं. दुखऱ्या हिरड्यांवर रस झोंबला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यानं दुसरी फोड उचलली.

एक-दोन दिवसांतच अंगातलं शिसं उतरल्यासारखं झालं. तो उठून स्वतःच्या पायांनी खिडकीपर्यंत गेला. मग हिरड्यांतलं रक्त थांबलं. डाग निळ्याचे हिरवे, हिरव्याचे पिवळे होत पुसले गेले. आणि व्रण! पट्टी बदलायला परिचारिका आली की तो लहान मुलासारखा मान वाकडी करून बघायचा. कडा जवळ येत होत्या. कुणी शिवत नव्हतं, कुणी ओढत नव्हतं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "काय एवढं बघतोयस?"

"चमत्कार बघतोय, काका," तो म्हणाला. "बघा तुम्हीपण. फुकट आहे."

बरा झाल्यावर तो बायकोला आणायला लेकीकडे गेला. बायकोनं दारातच त्याचा हात उलटासुलटा करून पाहिला, मग डोळे पुसत म्हणाली, "आधी आत या, योग्य वेळी आलात."

आत लेक मांडी घालून बसली होती. मांडीवर ते अशक्त जन्मलेलं बाळ आता गुबगुबीत होऊन बसलं होतं, आणि तिच्या हातात वाटी होती. बाळाला दुधाव्यतिरिक्त पहिलाच घास आज द्यायचा होता. उकडून कुस्करलेलं गाजर.

"बाबा, तुम्ही बाहेर थांबा हवं तर," लेक हसत म्हणाली. "तुम्हाला वासानं मळमळेल."

"नाही, इथेच बसतो." तो गुडघे मोडून समोर बसला.

लेकीनं चमच्याच्या टोकावर केशरी ठिपका घेतला. बाळानं तोंड वाकडं केलं, जीभ बाहेर काढली, सगळं हनुवटीवर ओघळलं. सगळे हसले. पैलवान हसला नाही. तो बाळाची ती इवलीशी मूठ, काचेसारखी नखं, त्वचेखालची निळी नस बघत होता. कुठल्याशा शेतातल्या मातीखाली वाढलेलं गाजर आता या मुठीत उतरणार होतं, या डोळ्यांत उतरणार होतं.

दुसऱ्या चमच्याला बाळ थबकलं. ओठ मिटले. भुवया वर गेल्या, जणू कुणीतरी कानात मोठी बातमी सांगितली होती. आणि मग गळ्याशी बारीकशी हालचाल झाली.

"गिळलं!" पैलवान इतक्या मोठ्यानं ओरडला, की बाळ दचकलं. "अगं, गिळलं त्यानं!"

बाळानं त्याच्याकडे पाहिलं आणि केशरी तोंड पुन्हा उघडलं.