हसऱ्या घराचा संशय

राहीवहिनीला सहावा महिना लागला तेव्हा सखू सुईण आमच्या पडवीत पान लावता लावता म्हणाली, "हिच्या मनाला जपा हो. घोर लागू देऊ नका." एवढं बोलून ती गेली. आईने मात्र लगेच घरात कायदा केला. वहिनीसमोर रडायचं नाही, भांडायचं नाही, वाईट बातमी सांगायची नाही, आणि दिसेल तेव्हा हसायचं.

हा १९३१ चा पावसाळा. दाभोळात बोटी बंद. थोरला भाऊ, शिवादादा, मुंबईच्या गोदीत कामाला. त्याला लिहिता येत नव्हतं, त्याची खबर येणार ती येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडून, आणि येणारा-जाणारा यायचा बोटीने. म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत देवावर भरवसा.

आमचं घराणं मुळात हसरं नाही. आजोबा हसले होते म्हणतात, पण साक्षीदार कोणी उरला नाही. तरी आम्ही शिकलो.

शेळी मेली. वहिनीला सांगितलं, ती माहेरी गेली.

"शेळीला माहेर?"

"गुहागरला," मी हसून म्हणालो.

मग शेजारचे आप्पा वारले. त्यांना न्यायची वाट आमच्याच दारावरून. आईने सांगितलं, देवाची पालखी चाललीय.

"मग देव आडवा का?" वहिनीने विचारलं.

"दमलाय," आई म्हणाली, आणि दात दाखवले.

त्यानंतर वहिनी आमच्या दातांकडे बघायला लागली. आम्ही दोघं बोलत असलो की दारामागे येऊन उभी राहायची. ती दिसली की आम्ही गप्प व्हायचो, आणि गप्प झालो की कायद्याप्रमाणे हसायचो. तिचं जेवण कमी होत गेलं. कुंकू मात्र ती दिवसातून दोन-तीनदा लावू लागली, जणू कोणी पुसून नेईल.

एका सकाळी तिने खोबरेल तेलाची बरणी फोडली. पडली नाही; मी पाहिलं, तिने हात सोडला. वर्षाचं तेल जमिनीवर पसरलं. आईच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. मग ती म्हणाली, "असू दे हो बाय. जमीनही कोरडीच होती."

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. ताकाचा थेंब सांडला तर जी सासू तिच्या माहेरच्या सात पिढ्या अंगणात उभ्या करायची, ती आज असू दे म्हणत होती.

दुपारी विहिरीवर तिने मला गाठलं. "भावोजी, खरं सांगा. हे गेले ना?"

मी कायदा पाळला. हसलो.

वहिनी कळशी टाकून मटकन खाली बसली. "मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. त्या दिवशी तिने पाणीही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आईला गाठलं. "आये, तिला शिव्या दे."

"पोटुशीला? डोकं फिरलं काय रे?"

"तू गोड बोलतेस म्हणून दादा मेला अशी तिची खात्री झालीय. अन्न सोडलंय तिनं."

आई पदर खोचून माजघरात गेली. सुरुवात कशीबशीच झाली. "राही... तेल... बघून चालावं माणसानं..." मग गाडी उताराला लागली. तेल, बरणी, गौरीला माहेरून आलेले किडके पोहे, पोह्यांवरून व्याही, व्याह्यांवरून त्यांचा लंगडा बैल. वहिनीने मान वर केली. "बैल लंगडा नव्हता हां!"

"होता! माझा शिवा असता तर त्यानं..." आई तिथेच अडली.

"त्यांचं काय?" वहिनीने विचारलं. "आई, त्यांचं काय कळलंय तुम्हाला?"

"काही कळलं नाही गो," आई म्हणाली. "चांगलं नाही, वाईट नाही. माझा पण डोळ्याला डोळा लागत नाही. तुला सांगायचं नाही म्हणून हसत्येय मेली."

वहिनी आईच्या मांडीवर डोकं टाकून रडायला लागली, आणि कायदा करणारी बाईही तिच्यासोबत रडली. इतक्या जोरात, की शेजारची तुळसा डोक्यावर पदर ओढून धावत आली. "कोण गेलं?"

"कोणी नाही," आई म्हणाली. "आम्हाला माहीत नाही म्हणून रडतोय."

तुळसाने थोडा विचार केला आणि तीही बसली. तिचा नवराही मुंबईलाच होता.

संध्याकाळी वहिनीने स्वतःहून पेज मागितली. मी वाढली. घोट घेऊन ती म्हणाली, "मीठ कमी आहे."

"मग घे की वरून," आई चुलीपाशी बसल्या बसल्या कडाडली. "हात मोडलेत काय?"

वहिनीने मीठ घेतलं, आणि सगळी पेज संपवली.