मुहूर्ताचं पीठ

मित्रांनो, डोंगराच्या पायथ्याशी खापर गाव आहे. त्याच्या बाजारात शिरलात की डाव्या हाताला पत्र्याच्या छपराखालून घरघर ऐकू येते. ती मी. एक म्हातारी पिठाची चक्की. माझ्या अंगाचा हिरवा रंग कधीच उडाला आहे. दगड मात्र अजून शाबूत आहेत.

मी घडले राजकोटच्या एका कारखान्यात. कांतीलालशेठ तेव्हा तरुण होते. ट्रकच्या मागे माझ्याच शेजारी बसून त्यांनी मला इथे आणलं आणि पहिली मूठ ज्वारी स्वतःच्या हाताने टाकली. बाजाराच्या दिवशी डोंगरावरून बायाबापड्या डोक्यावर गाठोडी घेऊन उतरायच्या. मका, ज्वारी, नागली म्हणजे नाचणी, जे येईल ते मी दळायचे. "खापरच्या चक्कीचं पीठ हाताला गार लागतं," असं लोक म्हणायचे. ते ऐकलं की मी जरा जास्तच जोरात फिरायचे.

मग घरोघरी दळायच्या छोट्या घरघंट्या आल्या. माझ्यावर पोतं पडलं. पाली माझ्या पट्ट्यावर निवांत झोपू लागल्या. रिकामं बसणं फार वाईट, मित्रांनो.

ते पोतं काढलं फाल्गुनीने. कांतीलालशेठची ही सून. तिचं बाळ जन्मतः फार अशक्त होतं. नागली, हरभरा आणि शेंगदाणे भाजून, दळून, त्याची लापशी भरवून भरवून तिने ते वाढवलं होतं. तिच्या मनात आलं, डोंगरातल्या बाळांनाही हे मिळालं पाहिजे. बाजारात बेसन, भाजणी विकायची आणि त्या कमाईवर बाळांचं पीठ डोंगरात अगदी स्वस्तात द्यायचं, असा तिचा धंदा सुरू झाला. मी पुन्हा फिरू लागले.

त्या पिठाला तिच्याकडे मोठा मान होता. दिवाळीत व्यापारी दुकानं बंद करतात आणि लाभपंचमीला पूजा करून पुन्हा उघडतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. फाल्गुनीने ठरवलं, मुहूर्ताचं पहिलं दळण बाळांचंच. दिवाळीआधी फराळाचं बेसन दळायचं. मग सुट्टी. मग पंचमीला मला हळदकुंकू लावून बाळांचं पीठ, अगदी ताजं. जीपवाला ती पाकिटं डोंगरातल्या दुकानात ठेवून यायचा.

आणि काही महिन्यांनी पाकिटं परत यायची. किडे पडलेली.

फाल्गुनी पाकीट फोडून वास घ्यायची. पोरांना चव आवडत नसेल, असं तिला वाटायचं. एका वर्षी तिने गूळ वाढवला, दुसऱ्या वर्षी वेलची घातली. पाकिटं परत येतच राहिली.

गावात डोंगरातल्या बाळांसाठी एक बैठक भरते. अंगणवाडीच्या बाया, दवाखान्याचे डॉक्टर, शाळेचे गुरुजी, ऊसतोडीचे मुकादम, बचतगट, दोन-चार दुकानदार, सगळे एका सतरंजीवर. अंगणवाडीच्या शोभाबाई दर वेळी बोलावायला यायच्या.

"मी माझं काम मन लावून करते, शोभाबाई," फाल्गुनी म्हणायची. "बैठकीत चहा पिऊन कुठल्या बाळाचं पोट भरतं?"

"चहा तं बेचवच राहस," शोभाबाई म्हणायच्या, "पन तुमीन या."

ती गेली नाही. तिचंही खरंच होतं म्हणा. मूल सांभाळायचं, घर सांभाळायचं, मला सांभाळायचं.

मग होळी आली. कामाला गुजरातेत गेलेली माणसं होळीला डोंगरात परततात. बाजाराच्या दिवशी डोंगरातली गजराबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या कमरेवर नात होती, ममता. दोन वर्षांची पोर, पण मला वाटलं, काही महिन्यांचंच बाळ आहे. मान खांद्यावर टाकलेली. माशी बसली तरी हात उचलत नव्हती.

फाल्गुनी दळण सोडून पुढे आली. "माझं पीठ का नाही घातलंत हिला? चव आवडली नाही का?"

"आवडाया खावं लागतं, शेठाणी," गजराबाई म्हणाली. "तुझं पीठ वर येतं तवा आम्ही उसात, तोडणीला. दिवाळी झाली का दुसऱ्या दिवशी ट्रक भरतो. घरात उंदीर ऱ्हातात. त्यांना आवडत असंल."

फाल्गुनीने ममताला उचललं आणि गजराबाईला घेऊन थेट दवाखाना गाठला. मी चालूच राहिले होते, आत दाणे नसताना. दगडावर दगड घासत होता. शेवटी कांतीलालशेठने येऊन मला बंद केलं.

पुढच्या बैठकीला ती गेली. परतल्यावर माझ्याजवळच्या पोत्यावर बसून सासऱ्यांना सांगत होती.

"मी आत पाऊल टाकलं तशा शोभाबाई म्हणाल्या, 'उनात का एकदाच्या? तुमनी जागा वाट दखी दखी थकी गई.' पप्पाजी, ट्रक कधी निघतो ते मुकादम उदेसिंगला ठाऊक. पोरं उसाच्या फडात खंगतात ते डॉक्टरांना ठाऊक. तिथे चूल पहाटे एकदाच पेटते, मग दिवसभर मोठी बहीण धाकट्याला सांभाळते, ते शोभाबाईंना ठाऊक. माझं पीठ तर शिजवावं लागतं. कोण शिजवणार? आणि पीठ आहे हे फक्त मला ठाऊक. सगळे याच गावात राहतो आम्ही."

"मग आता?"

"पीठ जास्त भाजायचं, पहाटे उकळून ठेवलेल्या पाण्यात नुसतं कालवता येईल असं. आणि दिवाळीच्या आधी दळायचं."

"दिवाळीच्या आधी बेसन असतं, बेटा, आणि चक्की एकच. गिऱ्हाईक थांबत नाही. दुसऱ्या चक्कीवर जाईल."

"जाईल."

"आणि परत येणार नाही."

"नाही येणार कदाचित." तिचे डोळे भरले होते. "ममताची मान तुम्ही पाहिली ना, पप्पाजी?"

शेठनी माझ्या पट्ट्यावरची पिठाची धूळ बोटाने पुसली. "उदेसिंगला सांग," ते म्हणाले, "ट्रक चक्कीसमोर थांबव. पाकिटं मी चढवीन."

या दिवाळीआधी मी बाळांचं पीठ दळलं. बेसन न्यायला डबे घेऊन आलेली माणसं कुरकुरत निघून गेली. नेहमीची मोठी गिऱ्हाइकंही गेली. आमचं पुढे कसं होईल, मला माहीत नाही.

आज सकाळी ट्रक थांबला. दवाखान्यात राहून ममता थोडी सावरली आहे. मान धरते, पण अजून चालत नाही. तिचा बाप डोंगरसिंग म्हणाला, न जाऊन भागत नाही. तिला सांभाळायला गजराबाईही निघाली. फाल्गुनीने तिच्या मांडीवर पाकिटं ठेवली आणि पुन्हा पुन्हा सांगितलं, दिवसातून किती वेळा, पाणी उकळून, वाटी धुऊन.

"समजलं गं," गजराबाई म्हणाली. "तूच चल ना उसात."

फाल्गुनी हसली नाही. गुजरातेत फडाजवळ कोणता दवाखाना आहे, ते विचारायला ती तशीच शोभाबाईंकडे गेली.

मित्रांनो, मला तेल घाला, माझे दगड छिन्नीने टाकवून घ्या, मी दळत राहीन. पण माझ्या पोटातून निघालेलं पीठ कुठे जातं, ते मला इथून दिसत नाही. तुम्ही मोठे झालात आणि कुणाच्या भल्यासाठी दुकान, कारखाना, काहीही काढलंत, तर त्यांच्यापर्यंत पायांनी चालत जा. ज्यांना थोडं थोडं ठाऊक आहे त्या सगळ्यांच्यात जाऊन बसा. काम सोडून जावं लागलं तरी जा.

ममता आता वाटेत असेल. तिला तुमच्याएवढं व्हायचं आहे.