मामाच्या वाडीची मागची बाजू

माझा नवरा विनीत याने चार वर्षं खपून महाडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक होडी बांधली. चौदा फूट लांब, प्लायवूड आणि फायबरची, एक शीड, दोन वल्ही, आणि पाणी उपसायला आइस्क्रीमचा रिकामा डबा. त्यात बसायला उशा आहेत, छत्री अडकवायला खोबण आहे, मोबाईल चार्ज करायची सोय आहे. बाईमाणसाने तीन-चार तास त्यात काढायचे तर तिने काय करायचं, हा विचार मात्र चार वर्षांत एकदाही त्याच्या मनात आला नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

बेत साधा होता. महाडला सावित्रीत होडी सोडायची आणि दोन दिवसांत बाणकोटला समुद्र गाठायचा. पण वाटेत गाळ फार. होडी न्यायची तर उधाणाची भरती हवी, आणि ती पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासच मिळते. विनीत एमआयडीसीत शिफ्ट सांभाळतो. उधाण आलं की त्याला सुट्टी नसते आणि सुट्टी आली की नदीत पाणी नसतं. यंदा दोन्ही एकत्र आलं ते नेमकं होळीच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे ज्या दिवशी उमरठला आमच्या घरी देवीची पालखी येते, त्याच दिवशी.

पालखी दारात आली की घरच्या सुनेने देवीची ओटी भरायची. लग्नानंतरचा माझा हा पहिला शिमगा. सासूबाई, म्हणजे येसूबाई, महिनाभर फोनवर विचारत होत्या, खण हिरवा घेऊ की जांभळा. बाई स्वभावाने इतकी चांगली की तिच्याशी खोटं बोलणं जिवावर आलं होतं. तरी बोलले. "आई, विनीतला डबल शिफ्ट लागली. आम्हाला नाही जमणार यायला."

मग त्या म्हणाल्या, "मंग पोराच्या जेवायखायचा कसा?"

यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विनीत शेजारी बसून शिडाची दोरी ओवत होता. त्याला काहीच झालं नाही.

त्या दिवशी भरती एकच्या सुमाराला होती. अकराला निघालो असतो तर पाण्यावर आरामात तरंगत गेलो असतो. पण सोसायटीतल्या कोणी पाहू नये म्हणून मी सकाळी आठलाच निघायचा हट्ट धरला. ही चूक माझी होती, हे मी विनीतसमोर अजून कबूल केलेलं नाही. साडेनऊला होडी एका वळणावर गाळात शिरली, किंचित कलंडली आणि बसली. वल्ह्याने ढकलावं तर वल्हंच आत रुतायचं.

"काही काळजी नाही," विनीत म्हणाला. "एक वाजता पाणी चढेल, आपोआप सुटू. तोवर मुक्काम."

मुक्काम कुठे पडलाय ते बघायला तो उभा राहिला. काठावर माड, त्यामागे कौलारू घरं, एक निळी टाकी, देवळाचा कळस. "मागून सगळ्या वाड्या सारख्याच दिसतात," तो म्हणाला. तेवढ्यात आत कुठेतरी ढोल वाजला. विनीत खाली बसला. नुसता बसला नाही, होडीच्या तळाला आडवा झाला.

"सेजल, हा मुरारीमामाचा ढोल आहे."

मुरारीमामा म्हणजे सासूबाईंचा धाकटा भाऊ. लहानपणीची प्रत्येक सुट्टी विनीतने या वाडीत काढली होती. पण पोरं बुडतील म्हणून मामा त्यांना नदीकडे फिरकू द्यायचा नाही. वाडी त्याला एसटीच्या थांब्याकडून पाठ होती, नदीकडून त्याने ती जन्मात पाहिली नव्हती. त्याला होडीचं वेड कशातून लागलं हेही मला त्या क्षणी कळलं, पण तेव्हा सहानुभूती वाटण्यासारखी माझी परिस्थिती नव्हती.

"मामाने पाहिलं तर पाच मिनिटांत उमरठला फोन जाईल," विनीत तळातून म्हणाला. "डबल शिफ्टचं बिंग फुटेल. आई वर्षभर तोंडावर काही म्हणणार नाही, नुसती गप्प राहील. एक वाजेपर्यंत लपून राहायचं." आणि त्याने शीड अंगावर ओढून घेतलं.

मी साडेदहापर्यंत कळ काढली. मग त्याला स्पष्ट शब्दांत सांगितलं की मी जातेय. त्याने शिडाखालून मला माझी टोपी आणि गॉगल दिला. "लग्नात तुला सगळ्यांनी शालूत पाहिलंय. अशी कोणी ओळखणार नाही. पुण्याची आहे म्हणून सांग."

गुडघाभर गाळातून मी काठाला आले तेव्हा एक चप्पल गाळातच राहिली होती. पहिल्या घराच्या मागे एक म्हातारी भांडी घासत होती. नारिंगी लाइफ जाकीट घातलेली, काळा गॉगल लावलेली, एका चपलेतली बाई समोर आली तरी तिला काही नवल वाटलं नाही. शिमग्यात सोंगं येतातच.

"आजी, बाथरूम कुठंय?"

"त्या पपईच्या मागं. बादली भरलेली हाय."

बाहेर आले तेव्हा मला जग पुन्हा आवडायला लागलं होतं. त्या भरात मी चहाला हो म्हणाले, आणि तिथेच फसले. म्हातारीचं नाव साळूबाई. तिने एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. नाव? प्रियदर्शिनी. गाव? पुणे. लग्न झालंय? झालंय. सासू-सासरे हायत? हायत. नवरा कुठं हाय? इथे मी अडखळले आणि म्हणाले, "आडवा पडलाय." हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

साळूबाईने कप खाली ठेवला. "बरी देवीनं धाडली गो तुला. माझी सून यायची होती मुंबैवरना, तिची गाडी चुकली. मी विधवा बाई, आमच्याकडं सवाष्णीनंच भरायची ओटी. पालखी येतेच हाय. तू भर."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण देवीची ओटी नाकारण्यासाठी काय कारण द्यायचं, हे मला सुचेना. एक कारण तर मी आधीच वापरलं होतं. उमरठच्या ओटीतून सुटायला मी खोटं बोलले, नदीत उतरले, गाळात रुतले, आणि इथे परक्या अंगणात माझ्या हातात सूप येत होतं. जाकीट काढायला गेले तर बक्कलात गाळ जाऊन ते घट्ट बसलेलं. साळूबाईने दोनदा ओढून पाहिलं, मग जाकिटावरूनच तिची इरकली साडी मला गुंडाळली. मी पदर पांघरलेल्या घागरीसारखी दिसत होते.

ढोल जवळ आला. मुरारीमामा पुढे होता, पण तो ढोल बडवताना डोळे मिटून घेतो, म्हणून मी वाचले. त्याच्यामागे पालखी. या वाडीची एक रीत आहे, माहेरवाशिणींना थोडा वेळ पालखी खांद्यावर घेऊन नाचू देतात. पुढच्या दांड्याखाली एक बाई होती. पदर खोचलेला, अंबाडा सुटलेला, कपाळापासून हनुवटीपर्यंत गुलाल, आणि दोन्ही पाय जमिनीवर एकदम टेकतच नव्हते. आजूबाजूची माणसं ओरडत होती, "ये येसू, नाच येसू."

मी गॉगल काढून पाहिलं. त्या माझ्या सासूबाई होत्या. गुडघे दुखतात म्हणून उमरठच्या घराची पायरीसुद्धा ज्या बसून उतरतात, त्या.

त्यांनी मला पाहिलं. पालखी एकदम डावीकडे कलली. मागच्यांनी सावरली, सासूबाईंनी दांडा दुसऱ्या बाईकडे दिला आणि अंगणात येऊन उभ्या राहिल्या. आम्ही एकमेकींकडे पाहत होतो.

"येसू, ही पुन्याची पावनी," साळूबाई म्हणाली. "प्रियदर्शिनी."

सासूबाईंनी मला डोक्यापासून त्या एका चपलेपर्यंत न्याहाळलं. "बरी हाय," त्या म्हणाल्या. "फुगलीय जरा."

मग पालखी टेकली आणि मी ओटी भरायला पुढे झाले. मला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. कानाशी हळूच आवाज आला, "आधी हळदकुंकू. आता खण. नारळाची शेंडी देवीकडं कर. तांदूळ ओंजळीनं, सांडू नको." उमरठला त्या मला जे शिकवणार होत्या ते सगळं त्यांनी तिथे शिकवलं, आणि मी नमस्काराला वाकले तेव्हा जाकिटामुळे पूर्ण वाकता येईना म्हणून मानेला धरून वाकवलंसुद्धा.

पालखी पुढच्या घराकडे गेली. आम्ही दोघी पपईच्या मागे गेलो. मी रडायच्याच बेतात होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. सासरे, दत्तारामबाबा.

"सेजल, तुझी सासू पोचली का गो? पोराची डबल शिफ्ट हाय, त्याला भाकरी करून घालते बोलली नि सकाळच्या एसटीनं महाडला गेली. फोन उचलीत नाय."

मी सासूबाईंकडे पाहिलं. गुलालाने माखलेली ती बाई माझ्यापुढे दोन्ही हात जोडून उभी होती.

"पोचल्या बाबा," मी म्हणाले. "भाकऱ्याच थापतायत."

"आनी ह्यो ढोल कसला वाजतो?"

"कंपनीचं मशीन आहे."

"घरात?"

"खिडकीतून ऐकू येतं, बाबा."

"मंग कानात कापूस घाला दोघी. हितं पालखी आली बरा का. शेजारच्या बनुबाईनं ओटी भरली, काय काळजी करू नका."

फोन बंद झाला. सासूबाई पपईच्या बुंध्याला टेकून बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतलं पाणी गुलालात उतरलं आणि त्यांचा चेहरा आणखीच बिघडला.

"एकतीस वर्सं झाली गो," त्या म्हणाल्या. "हितली नि उमरठची पालखी येकाच दिवशी. सून म्हनून मला तिकडंच उभा राहावा लागतो. लगीन झाल्यापासून माहेरची पालखी म्या पाह्यली नव्हती. दरवर्सी आठ वाजल्यापासून कान हिकडं असायचा. म्हनलं, ढोल ऐकू येतो का. यवढ्या लांब कसा येनार."

दहा महिने मी या बाईच्या घरात येऊन-जाऊन होते आणि हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. मी म्हणाले, "आई, पुढच्या वर्षी मी नक्की उमरठला येते. मी भरते ओटी. तुम्ही उघड इकडे या, चोरून नको."

"येडी का काय तू," त्या दचकून म्हणाल्या. "तू आलीस तर तुला शिकवायला मला नको का थांबायला? गाव काय बोलेल, सुनेला येकटी टाकून सासू माहेरला नाचाय गेली. तू नाय आलीस म्हनून तर मला निघता आला."

एक वाजायला आला तशा आम्ही काठावर गेलो. पाणी चढलं होतं, होडी सरळ होऊन हलायला लागली होती. शीड अजून आडवंच होतं आणि त्याच्या एका टोकातून विनीतची पावलं बाहेर आली होती.

"विन्या," सासूबाईंनी हाक मारली, "डबल शिफ्ट सुटली का रे?"

पावलं पटकन शिडाखाली गेली. मग विनीत उठून बसला. त्याने आईकडे पाहिलं, गुलालाकडे पाहिलं, साडी गुंडाळलेल्या माझ्याकडे पाहिलं. "आई, तू इथे कशी?" असं विचारायला त्याने तोंड उघडलं, मग स्वतः कुठे बसलाय ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने ते मिटलं.

मी होडीत चढले. सासूबाई घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि होडीला हात लावून तिच्याकडे नीट बघायला लागल्या. मागे वाडीत ढोलाने पुन्हा जोर धरला तशी त्यांची टाच पाण्यातच हलायला लागली.

"विन्या, पुढल्या साली शिमग्याला पानी किती वाजता चढतो रे?"

विनीत लगेच मोबाईल काढून भरतीचं वेळापत्रक शोधायला लागला. मी त्याच्या हातातून तो काढून घेतला.

"ह्याच वेळेला, आई," मी म्हणाले. "आणि आम्ही आठलाच निघणार आहोत."